शेवटच्या तीस दिवसांची नोंद

प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतकपाटाचे तापमान सकाळी आणि सायंकाळी, असे दिवसातून दोन वेळा वहीत नोंदवावे, असा आपल्याकडील लसीकरण कार्यक्रमाचा शिरस्ता आहे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम भारतात १९८५ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून अशा असंख्य वह्या भरल्या गेल्या असतील. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या मर्यादेत राहिल्या पाहिजेत. वहीत सायंकाळी ४ अंश आणि सकाळी ३ अंश अशी नोंद असेल तर पाहणाऱ्याचे समाधान होते.

परंतु मधल्या रात्रीचे काय? समजा, तापमान-नियामक बिघडला आणि रात्री एक ते चार या वेळात कपाटाच्या तळाचे तापमान उणे २ अंशांपर्यंत उतरले. पुढे वीज गेली, कपाट हळूहळू उबदार झाले आणि सकाळी परिचारिकेने तापमापक पाहिला तेव्हा पारा ३ अंशांवर होता. वही निर्दोष राहिली. लस मात्र गोठून पुन्हा वितळली. धनुर्वात, कावीळ-ब, तसेच पाच रोगांवरील एकत्रित पंचगुणी लस यांमध्ये अॅल्युमिनियमची लवणे असतात. गोठल्यावर या लवणांचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात आणि लसीचा गुण नाहीसा होतो. कुपीवरील रंग बदलणारी खूण येथे कामास येत नाही, कारण ती फक्त उष्णतेची नोंद घेते, गोठण्याची नव्हे. कुपी हलवून गाळ किती वेगाने खाली बसतो हे पाहण्याची एक परीक्षा आहे. पण संशयच आला नाही तर ती परीक्षा करणार कोण? बालकाला सुई टोचली जाते, कार्डावर तारीख लिहिली जाते, आणि संरक्षण मात्र मिळालेले नसते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने शीतकपाटात ठेवण्यासाठी तीस दिवसांच्या नोंदी बाळगणाऱ्या तापमान-नोंदक उपकरणाचे निकष ठरवून दिले आहेत. तापमान सलग १० तास ८ अंशांच्या वर राहिले, किंवा सलग ६० मिनिटे उणे ०.५ अंशावर वा त्याखाली राहिले, तर अशा उपकरणाने इशारा द्यावा, अशी अपेक्षा असते. अशा उपकरणाची स्मरणशक्ती कशी रचावी, हा या प्रकरणाचा विषय आहे. तयार उपकरणे बाजारात मिळतात, हे खरे. परंतु एखादी गोष्ट स्वतः रचून पाहिल्यावाचून तिच्यातील अडचणी उमगत नाहीत. आणि येथील मुख्य अडचण अशी आहे, की नोंदीची गरज ज्या क्षणी सर्वाधिक असते, नेमक्या त्याच क्षणी नोंद लिहिणे सर्वाधिक धोक्याचे असते.

पाटी, ग्रंथ आणि वही

अशा उपकरणाच्या गाभ्याशी सूक्ष्मनियंत्रक, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, असतो. गणना करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणारे दरवाजे हे सर्व एकाच सिलिकॉनच्या चकतीवर असलेला हा लहानसा संगणक होय. १९७४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० बाजारात आला, तेव्हापासून याचा प्रसार झाला. उदाहरणासाठी आपण एटमेगा ३२८पी हा सूक्ष्मनियंत्रक घेऊ. २०१० मध्ये आलेल्या आर्डुइनो उनो या पाटामुळे हा विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे.

यात तीन प्रकारच्या स्मृती आहेत. पहिली रॅम, २ किलोबाइटची. ती शाळेतल्या पाटीसारखी आहे: हवे तितक्या वेळा लिहावे, हवे तितक्या वेळा पुसावे, पण वीज गेली की पाटी कोरी. दुसरी फ्लॅश, ३२ किलोबाइटची. तिच्यात उपकरणाने काय करावे याच्या आज्ञा असतात, आणि छापील ग्रंथाप्रमाणे ती क्वचितच बदलली जाते. तिसरी आपल्या कामाची. तिला ईईप्रॉम म्हणतात आणि ती अवघी १ किलोबाइट, म्हणजे १०२४ बाइट, आहे. ही पेन्सिलीने लिहावयाची वही होय. वीज गेली तरी लिहिलेले टिकते. खोडून पुन्हा लिहिता येते. परंतु एकाच जागी पुन्हा पुन्हा खोडरबर घासले, तर कागद विरतो आणि शेवटी त्याला भोक पडते.

कागद विरतो म्हणजे येथे नेमके काय होते, हे पाहण्यासारखे आहे. ईईप्रॉमच्या प्रत्येक बिटामागे एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याच्या पोटात वाहक पदार्थाचा एक तुकडा चारही बाजूंनी सिलिकॉन डायऑक्साइडच्या, म्हणजे एक प्रकारच्या काचेच्या, आवरणात बंदिस्त केलेला असतो. याला तरंगते द्वार म्हणतात. ही कल्पना १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील डॉन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. या तुकड्यावर इलेक्ट्रॉन नेऊन ठेवले, तर त्यांना बाहेर पडण्यास वाट नसते. ते वर्षानुवर्षे तेथेच राहतात आणि ट्रान्झिस्टरच्या वागण्यावरून ते आहेत की नाहीत हे ओळखता येते. मग ते आत गेले कसे? काचेचा थर एका ठिकाणी अत्यंत पातळ ठेवलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंमध्ये मोठा विद्युत्‌दाब निर्माण केला, की इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून बोगद्यातून जावे तसे पार होतात. पुंजयामिकीतील या घटनेचे स्पष्टीकरण फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ साली दिले होते. प्रत्येक फेरीत काही इलेक्ट्रॉन मात्र भिंतीतच अडकून राहतात, आणि भिंत हळूहळू निकामी होते. निर्माता एटमेगाच्या ईईप्रॉमच्या प्रत्येक खान्याची १,००,००० वेळा पुसण्या-लिहिण्याची हमी देतो, आणि लिहिलेले ८५ अंशांत २० वर्षे व २५ अंशांत १०० वर्षे टिकेल, असे सांगतो. फ्लॅशसाठी हीच हमी १०,००० वेळांची आहे.

पूर्वी पुसण्याचे काम याहून कष्टाचे होते. १९७१ साली इंटेलमध्ये डोव फ्रोमन यांनी तयार केलेल्या स्मृतीत लिहिलेले घालविण्यासाठी ती परिपथातून काढून, तिच्यावरील काचेच्या खिडकीतून जंबुपार किरणांचा मारा करावा लागे. विजेनेच पुसता येणारी स्मृती त्यानंतर आली. म्हणूनच उपकरण चालू असताना, कोणाचाही हात न लागता, कालची नोंद पुसून आजची लिहिणे शक्य झाले.

एक लाख म्हणजे किती?

एक लाख हा आकडा ऐकताना मोठा वाटतो. तो तपासून पाहू. एकाच खान्यात दर सेकंदाला तापमान लिहीत गेलो, तर एक लाख सेकंद म्हणजे सुमारे २८ तास. दुसऱ्या दिवशीच हमी संपली. दर मिनिटाला लिहिले तर ६९ दिवस. दर दहा मिनिटांनी लिहिले तर दोन वर्षांहून किंचित कमी. दर तासाला लिहिले तर साधारण ११ वर्षे. नवशिके रचनाकार ‘शेवटचे मोजमाप’ नावाचा एक खाना ठरवितात आणि आज्ञांच्या प्रत्येक आवर्तनात त्यात लिहीत राहतात. असे आवर्तन सेकंदाला शेकडो वेळा होऊ शकते. अशी उपकरणे परीक्षणाच्या टेबलावर उत्तम चालतात आणि आठवड्याभरातच भलतेच आकडे दाखवू लागतात.

यावरून पहिला नियम निघतो: मोजावे वारंवार, पण वहीत लिहावे क्वचित. आपले उपकरण दर मिनिटाला तापमान मोजील आणि ते पाटीवर, म्हणजे रॅममध्ये, ठेवील. ईईप्रॉममध्ये तासाला एकच आकडा जाईल. तीस दिवसांचे तास ७२०. आपल्याजवळ खाने १०२४.

येथे एक अडचण उभी राहते. डीएस१८बी२० सारखा सामान्य तापमान-संवेदक आपले मोजमाप दोन बाइटांत देतो. ७२० मोजमापांना १४४० बाइट लागतील, आणि तेवढी जागा नाही. परंतु हा संवेदक ०.०६२५ अंशाचा फरक दाखवीत असला, तरी त्याची अचूकता अर्ध्या अंशाचीच आहे. अचूक नसलेल्या अंकांना जागा देण्यात अर्थ नाही. आपण पाव अंशाची पायरी धरू आणि उणे १५ अंशांपासून मोजणी सुरू करू. तापमानात १५ मिळवावे आणि चाराने गुणावे, की संकेतांक मिळतो. ४ अंशांचा संकेतांक ७६, ८ अंशांचा ९२, २ अंशांचा ६८, आणि उणे अर्ध्या अंशाचा ५८. संकेतांक २५० म्हणजे साडेसत्तेचाळीस अंश किंवा त्याहून अधिक. शीतकपाटाच्या आत याहून अधिक तापमान झाले असेल, तर नेमका आकडा जाणून काही साधत नाही. एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात, तेव्हा वरचे काही आपल्या हाती उरले. त्यांपैकी २५३ म्हणजे ‘त्या तासात मोजमाप झाले नाही’, २५४ म्हणजे ‘संवेदक बिघडला’, आणि २५५ म्हणजे ‘खाना कोरा आहे’, असे ठरवू. शेवटचा आकडा आपण निवडलेला नाही. ईईप्रॉमचा पुसलेला खाना वाचला असता २५५ हाच आकडा मिळतो.

तासातील साठ मोजमापांतून कोणता एक आकडा लिहावा? सरासरी, असे उत्तर सहज सुचते, आणि ते चुकीचे आहे. अर्धा तास उणे १ अंश आणि अर्धा तास ६ अंश तापमान असेल, तर सरासरी अडीच अंश येते आणि वही पुन्हा निर्दोष दिसते. सरासरी काढणे म्हणजे या ठिकाणी पुरावा नष्ट करणे होय. म्हणून ५ अंश या मध्यापासून सर्वांत दूर गेलेले मोजमाप लिहावे; मात्र त्या तासात तापमान एकदा जरी उणे अर्ध्या अंशाला पोहोचले असेल, तर उच्चांक कितीही असो, नीचांकच लिहावा. उष्णतेने झालेली हानी कुपीवरील खूण दाखवू शकते. थंडीने झालेल्या हानीला दुसरा साक्षीदार नाही.

वलयाकार वही

वहीची पाने संपली की पुन्हा पहिल्या पानावर यावे आणि सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहावी, अशी ही रचना आहे. खाने जणू वर्तुळात मांडलेले आहेत. प्रत्येक खान्याची पाळी तीस दिवसांतून एकदा येते, म्हणजे वर्षातून बारा-तेरा वेळा. या गतीने एक लाख फेऱ्या पूर्ण होण्यास सुमारे आठ हजार वर्षे लागतील. उपकरणाचे इतर भाग त्याच्या कितीतरी आधी निकामी होतील.

पण पुढची नोंद कोठे लिहावयाची, हे उपकरणाने लक्षात कसे ठेवावे? पाटीवर लिहून ठेवले तर वीज जाताच विसरले जाईल. वहीच्याच एका ठराविक खान्यात ‘पुढील जागा अमुक’ असे लिहून ठेवले, तर काय होईल? तो खाना दर तासाला पुसला जाईल. इतर खान्यांपेक्षा तो ७२० पट वेगाने झिजेल, आणि अकरा वर्षांनी आठ हजार वर्षांची वही एका खान्यापायी निरुपयोगी होईल. तासाच्या नोंदींना अकरा वर्षे पुरेशी आहेत, असे कोणी म्हणेल. पण हीच रचना दर मिनिटाच्या नोंदींसाठी वापरली, तर दोन महिन्यांतच घात होतो. शिवाय नोंद आणि खूण या दोन्हींच्या मध्ये वीज गेली, तर त्यांचा मेळ बसत नाही.

यावर एक सोपी आणि जुनी युक्ती आहे. ७२० ऐवजी ७२१ खाने घ्यावेत आणि त्यांतील एक सदैव कोरा ठेवावा. कोरा खाना हीच पुढील जागेची खूण. उपकरण सुरू झाले, की ते वलयात असा कोरा खाना शोधते ज्याच्या मागचा खाना भरलेला आहे. वही अगदीच नवी, सर्व खाने कोरे असतील, तर पहिल्यापासून आरंभ करावा.

आता लिहिण्याचा क्रम पाहा. साऱ्या युक्तीचे यश या क्रमावर अवलंबून आहे. समजा, कोरा खाना शंभरावा आहे. प्रथम एकशे-एकावा, म्हणजे सर्वांत जुनी नोंद असलेला, खाना पुसावा. क्षणभर दोन कोरे खाने शेजारी शेजारी असतील. नंतर शंभराव्यात नवी नोंद लिहावी. वीज या दोन्हींच्या मध्ये गेली, तर पुन्हा सुरू झाल्यावर दोन कोरे खाने सापडतील. त्यांतील ज्याच्या मागचा खाना भरलेला आहे तो, म्हणजे शंभरावाच, खरा. काहीच बिघडले नाही. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी शंभराव्यात लिहून मग एकशे-एकावा पुसावयाचे ठरविले, आणि मध्ये वीज गेली, तर वलयात एकही कोरा खाना उरणार नाही. ७२१ आकडे आपल्यासमोर असतील, आणि त्यांतील आजचा कोणता व महिन्यापूर्वीचा कोणता हे सांगणे शक्य नसेल.

एटमेगात खाना नुसता पुसणे व नुसता लिहिणे या क्रिया वेगवेगळ्या करता येतात, आणि प्रत्येकीस १.८ मिलिसेकंद लागतात. दोन्ही एकत्र केल्यास ३.४. तेव्हा या युक्तीमुळे खान्याची झीज वाढत नाही.

वीज जाताना

मिलिसेकंद हा काळ आपल्याला क्षुल्लक वाटतो, परंतु सूक्ष्मनियंत्रक तेवढ्यात हजारो आज्ञा पार पाडतो. त्याच्या दृष्टीने ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहिणे हे अतिशय दीर्घ काम आहे, आणि तेवढ्यात वीज जाऊ शकते. अर्धवट पुसलेल्या खान्यात इलेक्ट्रॉन ना धड आत, ना धड बाहेर. असा खाना आज एक आकडा सांगेल आणि उद्या दुसरा.

वीज एकदम जाणे त्यामानाने बरे. खरा उपद्रव होतो तो वीज हळूहळू जाण्याने. आपले उपकरण शीतकपाटाच्याच वीजजोडणीवर चालते, आणि वीज गेल्यावर तीन कोरड्या विद्युतघटांवर, असे समजू. हे घट कधीतरी बसविले जातात आणि पुढे कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. त्यांचा दाब साडेचार व्होल्टवरून उतरत उतरत तीनापर्यंत, अडीचापर्यंत येतो. या अवस्थेत सूक्ष्मनियंत्रक पूर्ण बंदही पडत नाही आणि नीट चालतही नाही. तो आज्ञा चुकीच्या वाचतो. आणि त्या चुकीच्या आज्ञांमध्ये ‘अमुक खान्यात लिही’ ही आज्ञाही असू शकते. तापाच्या भरात माणसाने स्वतःच्याच वहीवर रेघोट्या ओढाव्यात, तसा हा प्रकार होय. यासाठी सूक्ष्मनियंत्रकात एक पहारेकरी बसविलेला असतो. दाब ठराविक पातळीखाली गेला, की तो गणना करणाऱ्या भागाला सक्तीने थांबवून ठेवतो. एटमेगात ही पातळी १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट अशी निवडता येते, आपण २.७ घेऊ. हा पहारेकरी वापरावा की नाही हे रचनाकाराच्या मर्जीवर सोडलेले असते, आणि वीज वाचविण्यासाठी त्याला रजा देण्याचा मोह अनेकांना होतो. नोंद ठेवणाऱ्या उपकरणात हा मोह टाळलाच पाहिजे.

पहारेकऱ्याने गाडी थांबविण्याआधी चालू तासाचे जे मोजमाप पाटीवर आहे ते वहीत उतरवून घेता आले, तर उत्तम. यासाठी ३.२ व्होल्टला पूर्वसूचना मिळेल अशी व्यवस्था करावी. सूचना मिळताच तीन बाइट लिहावयाचे: कोणता तास, त्यातील सर्वांत दूरचे मोजमाप, आणि पडताळ्याचा आकडा. तीन बाइटांना १०.२ मिलिसेकंद लागतील. तेवढा वेळ दाब ३.२ वरून २.७ च्या खाली जाऊ नये, म्हणून एक संधारित्र, बाजारात ज्याला कंडेन्सर म्हणतात तो, जोडावा. प्रवाह १० मिलिअँपिअर धरला, तर प्रवाहाला वेळेने गुणून अर्ध्या व्होल्टने भागले असता उत्तर २०४ मायक्रोफॅरड येते. संधारित्राची क्षमता वयोमानाने घटते, म्हणून ४७० चा घ्यावा.

आता एक अशी चूक पाहू, जी अनुभवी माणसेही करतात. उपकरण बंद पडून पुन्हा सुरू झाले ही महत्त्वाची घटना आहे, तेव्हा प्रत्येक वेळी सुरू होताना वलयात तशी एक नोंद करावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दुर्बळ घटांचा एक गुणधर्म असा, की भार काढला की त्यांचा दाब थोडा सावरतो. उपकरण बंद पडते, भार जातो, दाब वर येतो, उपकरण सुरू होते, भार पडतो, दाब कोसळतो, उपकरण पुन्हा बंद पडते. हे चक्र सेकंदाला एकदा या गतीने तासन्‌तास चालू शकते. प्रत्येक आरंभाला एक नोंद, म्हणजे ७२१ नोंदी बारा मिनिटांत. बारा मिनिटांत महिन्याभराची वही पुसली जाते, आणि तिच्या प्रत्येक पानावर ‘मी सुरू झालो’ एवढेच लिहिलेले उरते! यात ईईप्रॉमचा काहीही दोष नाही. तिला जे लिहावयास सांगितले ते तिने इमानाने लिहिले.

उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. सुरू झाल्यावर वीजपुरवठा पूर्ण एक मिनिट स्थिर राहीपर्यंत वहीला स्पर्श करू नये. तीन बाइटांची तातडीची नोंदही निदान एक मोजमाप झाल्याखेरीज करू नये. दुसरे असे, की नोंदीची जागा तासाशी बांधून टाकावी. उपकरणात स्वतंत्र बटणाच्या घटावर चालणारे घड्याळ असतेच. एखाद्या ठराविक दिवसापासून किती तास लोटले ती संख्या घेऊन तिला ७२१ ने भागावे. जी बाकी उरेल तोच त्या तासाचा खाना. मग एका तासात उपकरण हजार वेळा सुरू झाले तरी खाना एकच. कोरा खाना जेथे आहे तेथपासून चालू तासाच्या खान्यापर्यंत जे खाने राहिले असतील, त्यांत २५३ हा संकेतांक भरावा. ‘या काळात मोजमाप झाले नाही’ हीदेखील एक नोंद आहे, आणि लसींबाबत निर्णय घेणाऱ्याला ती तितकीच मोलाची वाटेल. उपकरण तीस दिवसांहून अधिक काळ बंद राहिले असेल, तर मात्र बाकीच्या हिशेबाने फसगत होते. त्यासाठी तारीख कोठेतरी लिहिलेली असणे आवश्यक आहे.

ती लिहिण्यास जागा आहे. ७२१ खाने गेल्यावर ३०३ उरतात. प्रत्येक दिवसासाठी नऊ बाइटांचा एक सारांश ठेवू: तारखेसाठी दोन, नीचांक एक, उच्चांक एक, उणे अर्ध्या अंशावर वा त्याखाली गेलेल्या सर्वांत दीर्घ सलग कालावधीची मिनिटे दोन, ८ अंशांवरील सर्वांत दीर्घ सलग कालावधीची मिनिटे दोन, आणि पडताळ्याचा एक. असे ३१ सारांश, म्हणजे २७९ बाइट. एकूण हजार झाले, राहिले २४. त्यांत वर सांगितलेले तीन, उपकरणाचा क्रमांक आणि संवेदकाची दुरुस्ती सहज बसतात.

पडताळ्याच्या बाइटविषयी दोन शब्द. नऊही बाइटांची बेरीज २५६ ने भागली असता ठराविक बाकी उरावी, असा शेवटचा बाइट निवडतात आणि तो सर्वांत शेवटी लिहितात. लिहिणे अर्ध्यावर राहिले, तर बेरीज जुळत नाही आणि सारांश ग्राह्य धरला जात नाही. ही ठराविक बाकी शून्य घेऊ नये. कारण काही बिघाडात सर्व खाने शून्य वाचले जातात, आणि नऊ शून्यांची बेरीज शून्यच. बनावट सारांश खरा ठरेल. कोऱ्या खान्यांची बेरीज २२९५ व बाकी २४७ येते, तेव्हा तीही वर्ज्य. आपण ८५ घेऊ. तासाच्या एकेकट्या बाइटांना असा पडताळा नाही. परंतु तासाचा आकडा त्या दिवसाच्या नीचांक व उच्चांक यांच्या दरम्यान असलाच पाहिजे, आणि नसेल तर तो अर्धवट लिहिला गेला असे समजावे.

दर दहा मिनिटांची मोजमापे तीस दिवस जपावयाची असतील, तर ४३२० बाइट लागतील आणि बाहेरची ईईप्रॉम जोडावी लागेल. एटी२४सी२५६ या चकतीत ३२ किलोबाइट आहेत आणि वरील सर्व विवेचन तिलाही लागू पडते. तिच्यात ६४ बाइटांचे एक पान एका दमात लिहिता येते, ही सोय आहे. पण पानाच्या अखेरीस पोहोचल्यावर ती पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या आरंभाकडे वळते आणि तेथील मजकुरावर लिहू लागते. नऊ बाइटांचे सारांश एकापुढे एक मांडले, तर सातवा सारांश संपतो त्रेसष्टाव्या बाइटवर आणि आठवा पानाच्या सीमेवर चिरला जातो. सोळा बाइटांचा सारांश करून सात बाइट वाया घालविणे हेच येथे शहाणपणाचे.

रचना पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा घ्यावयाची. ही परीक्षा खोलीत बसून, स्वच्छ आणि स्थिर विजेवर घेतली, तर काहीच सिद्ध होत नाही. नोंदींचा वेग मुद्दाम वाढवून सेकंदाला एक असा करावा आणि वीजपुरवठ्याच्या तारेत दुसऱ्या सूक्ष्मनियंत्रकाने चालणारा एक खटका बसवावा. त्याने कोणताही नियम न पाळता, कधी दोन सेकंदांनी तर कधी वीस सेकंदांनी, वीज तोडावी व जोडावी; कधी एकदम, कधी दाब हळूहळू उतरवून. प्रत्येक जोडणीनंतर संपूर्ण वही वाचून पाहावी: वलयात भरलेल्या खान्यामागे येणारा कोरा खाना एकच आहे ना, सारांशांच्या बेरजा जुळतात ना, आणि आधीच्या वाचनातील नोंदी जागच्या जागी आहेत ना. अशा फेऱ्या रात्रभर चालू द्याव्यात. या परीक्षेत ईईप्रॉमचे जे खाने झिजतात ते हिशेबात धरून, परीक्षेसाठी वापरलेली चकती शीतकपाटात बसणाऱ्या उपकरणात घालू नये.